पाच टक्के लोकांचं थिएटर आणि शहरातला सगळ्यात मोक्याचा कोपरा

हेलसिंकीच्या मध्यावर एस्प्लानाडी नावाची लांबट बाग आहे, तिच्या पश्चिम टोकाला, स्टॉकमान या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या शेजारी, एक गोलसर पांढरी इमारत उभी आहे. ट्राम, टॅक्सी, खरेदीला आलेली माणसं, सगळं तिला वळसा घालून जातं. ही इमारत म्हणजे स्वेन्स्का तेआतर्न, स्वीडिश थिएटर. फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्यांचा हा राष्ट्रीय रंगमंच समजला जातो. आता फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले लोक आज जेमतेम पाच टक्के, खुद्द हेलसिंकीतही साधारण तेवढेच. म्हणजे शंभरातल्या पाच जणांसाठी शहरातला सगळ्यात भारी कोपरा आणि वर सरकारी अनुदान. "हे कशाला चालू ठेवायचं?" असं एखाद्या फिनिश करदात्याला वाटलं तर नवल नाही.

हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. अल्पसंख्याकांची भाषा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दबलेली, कोपऱ्यात ढकललेली माणसं येतात, पण इथे प्रकरण उलटं आहे. 1809 पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता, कोर्ट, कचेरी, विद्यापीठ, चर्चचे वरिष्ठ, सगळा कारभार स्वीडिशमध्ये. त्यानंतर रशियाच्या झारकडे देश गेला तरी साहेबांची भाषा स्वीडिशच राहिली, आणि शेतातला बहुसंख्य माणूस फिनिश बोलत राहिला. त्याला कोर्टात स्वतःचा खटला समजायचा नाही. हा राग पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. आजही शाळेत प्रत्येक फिनिश पोराला स्वीडिश सक्तीने शिकावं लागतं, त्यावरून केवढी भांडणं होतात, ती सक्ती काढा म्हणून नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला प्रस्ताव 2015 मध्ये संसदेने फेटाळला. अशा वातावरणात स्वीडिश थिएटर म्हणजे "जुन्या मालकांची कोठी" असं कुणी म्हणालं तर त्याला एकदम अडाणी ठरवून मोकळं होता येत नाही.

तरीपण माझं म्हणणं असं आहे की हा आरोप इतिहासावर टिकत नाही. आणि दुसऱ्या बाजूचे लोक जो बचाव करतात, की हा आपला वारसा आहे, सुंदर इमारत आहे, जपली पाहिजे, तो बचावही तितकाच लंगडा आहे. इमारत जपायला म्युझियम खातं आहे की. नाटक कंपनीला पैसे द्यायचे तर कारण वेगळं लागतं, आणि ते कारण याच थिएटरच्या इतिहासात सापडतं.

या जागेवर पहिलं थिएटर 1827 मध्ये उभं राहिलं, लाकडी, डिझाइन कार्ल लुडविग एंगेलचं. हा तोच एंगेल ज्याने सिनेट चौक, कॅथेड्रल असं सगळं पांढरंशुभ्र राजधानीचं हेलसिंकी आखलं. त्याच वर्षी तिकडे तुर्कू शहर जळून खाक झालं होतं, तुर्कू म्हणजे जुनी राजधानी. (तुर्कूला 1839 मध्ये पुन्हा थिएटर बांधलं गेलं, ते आजही चालू आहे, फिनलंडमधलं सगळ्यात जुनं, आणि तेही स्वीडिशच. पण त्याची गोष्ट वेगळी आहे, आत्ता नको.) तर एंगेलचं थिएटर लहान पडायला लागलं आणि 1860 मध्ये तिथेच दगडी थिएटर झालं, वास्तुकार चीविट्झ. नाव साधंच, नवं थिएटर. उद्घाटनाचं नाटक झकारियास टोपेलियसचं, संगीत फ्रेडरिक पासियसचं. पासियस म्हणजे फिनलंडचं राष्ट्रगीत ज्याच्या चालीवर गातात तोच. नाटकाचं नाव सायप्रसची राजकन्या, स्वीडिशमध्ये लिहिलेलं, आणि त्यात नायक कोण तर कालेवालातला लेम्मिन्काइनेन! कालेवाला म्हणजे फिनिश लोकगीतांतून एलियास ल्योनरोटने जुळवलेलं महाकाव्य. म्हणजे "मालकांच्या" थिएटरचा पहिला पडदा वर गेला तो फिनिश शेतकऱ्यांच्या गाण्यांतल्या नायकावर. टोपेलियसने त्याला ग्रीक पुराणकथेत नेऊन बसवलंय, जरा विचित्रच खिचडी आहे ती, पण त्या काळच्या सुशिक्षित लोकांच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यात दिसतं, भाषा स्वीडिश आणि ओढ फिनिशकडे.

अडीच वर्षांत, 1863 च्या मे महिन्यात, ही इमारत जळाली. आणि त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, झार अलेक्झांडर दुसरा याने फर्मान काढलं की वीस वर्षांत फिनिशला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा मिळायला हवा. योगायोगच, पण हेलसिंकीच्या नाटकवाल्यांसाठी त्या एका वर्षात दोन गोष्टी हलल्या, एक डोक्यावरचं छप्पर आणि एक पायाखालची जमीन. थिएटर पुन्हा बांधलं गेलं 1866 मध्ये, पीटर्सबर्गच्या निकोलाय बेनुआने बांधलं. त्या काळी हेलसिंकीतले निम्म्याहून जास्त लोक स्वीडिश बोलायचे, त्यामुळे प्रेक्षकांची चिंता नव्हती. पण शतक संपेपर्यंत फिनिश बोलणारे पुढे गेले. गावाकडून कारखान्यांत, बांधकामांवर, घरकामाला आलेल्या माणसांनी शहराची भाषाच बदलली.

आता खरी मजेची गोष्ट. फिनिश भाषेतल्या व्यावसायिक नाटकाचा जन्म कुठे झाला असं विचारलं तर उत्तर येतं, 10 मे 1869, नाटक लेआ, लेखक अलेक्सिस किवी. प्रयोग कुठे? याच स्वीडिश थिएटरात. लेआचं काम कुणी केलं? शार्लोत राआ नावाच्या नटीने, जी मूळची स्वीडनची, आणि जिने या कामासाठी फिनिश संवाद शिकून घेतले. हे सगळं जुळवून आणलं कार्लो बेर्गबोमने, ज्याने पुढे 1872 मध्ये फिनिश थिएटरची स्थापना केली. बरं, फिनिश भाषेसाठी लढणाऱ्या त्या पिढीतल्या बऱ्याच पुढाऱ्यांच्या घरात स्वीडिशच चालायची, त्यांच्या चळवळीचा तत्त्वज्ञ स्नेलमान लिहायचा तेही स्वीडिशमध्ये. म्हणजे काय, तर फिनिश रंगभूमी ही स्वीडिश रंगभूमीच्या विरोधात कुठल्या तरी कोठारात जन्मली आणि लढून पुढे आली असं चित्र रंगवायला छान वाटतं पण तसं झालं नाही. ती त्याच स्टेजवर, त्याच दिव्यांखाली, एका परदेशी बाईच्या तोंडून पहिल्यांदा बोलली. शार्लोत राआ पुढे विंटरहेल्म या नावाने ओळखली गेली आणि 1883 मध्ये इब्सेनच्या घोस्ट्‌समधली मिसेस अल्विंग युरोपात पहिल्यांदा उभी केली ती तिने. साधीसुधी नटी नव्हती ती.

अजून एक. एंगेलचं ते जुनं लाकडी थिएटर पाडलं तेव्हा लाकूड वाया गेलं नाही, ते दुसरीकडे नेऊन पुन्हा उभं केलं, त्याचं नाव आर्काडिया. आणि बेर्गबोमच्या फिनिश कंपनीने कैक वर्षं तिथेच प्रयोग केले, 1902 मध्ये रेल्वे स्टेशनशेजारी स्वतःची ग्रॅनाइटची इमारत मिळेपर्यंत. म्हणजे स्वीडिश थिएटरची जुनी लाकडं फिनिश थिएटरचं घर झाली, यावर अजून काय बोलणार.

आणि मग 1899. झार निकोलस दुसरा याने फेब्रुवारीत जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता आवळायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा दांडका चालायला लागला. नोव्हेंबरमध्ये पत्रकारांच्या पेन्शन फंडासाठी म्हणून कार्यक्रम ठेवले, पेन्शन हे निमित्त, खरा उद्देश सगळ्यांना माहीत होता. 4 नोव्हेंबरला या स्वीडिश थिएटरात फिनलंडच्या इतिहासातली दृश्यं एकामागून एक सादर झाली, मजकूर एइनो लेइनो आणि याल्मारी फिन्ने यांचा, म्हणजे फिनिश लेखकांचा, आणि संगीत जान सिबेलियसचं, ज्याची घरची भाषा स्वीडिश. शेवटच्या दृश्याचं जे संगीत होतं तेच पुढच्या वर्षी फिनलांदिया म्हणून जगभर गेलं. आज एखादा फिनिश राष्ट्रवादी स्वीडिश थिएटर बंद करा म्हणतो आणि त्याच्या छातीत फिनलांदिया वाजत असते, त्याला सांगावंसं वाटतं की बाबा रे, ते पहिल्यांदा वाजलं कुठे ते तरी बघ.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की हे म्हणजे जुन्या उपकारांची यादी झाली, उपकारावर अनुदान मागायचं का? नाही. म्हणूनच मला या सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते ती 1916 ची गोष्ट. बाहेर ती फारशी कुणाला माहीत नाही आणि माझ्या मते या थिएटरचा खरा जन्म तेव्हाचा.

झालं असं की 1860 पासून पन्नासेक वर्षं या थिएटरच्या स्टेजवर जी स्वीडिश ऐकू यायची ती हेलसिंकीची नव्हतीच. नट यायचे स्वीडनहून, दिग्दर्शक स्वीडनहून, आणि बोलायचे ते स्टॉकहोमच्या रंगमंचावरची "शुद्ध" स्वीडिश. फिनलंडमधली स्वीडिश कानाला वेगळी लागते, स्वीडनच्या बोलण्यात जो वरखाली जाणारा गाण्यासारखा हेल असतो तो इकडे बहुतेक ठिकाणी नाही, उच्चार सपाट, अक्षरं स्पष्ट, शब्दही काही वेगळे. तर हा हेल स्टेजच्या लायकीचा नाही अशी समजूत, आणि समजूत कुणाची? इथल्याच स्वीडिश बोलणाऱ्या बड्या लोकांची. खुर्चीत बसलेला प्रेक्षक घरी एका पद्धतीने बोलतोय आणि तिकीट काढून दुसऱ्याच गावचं बोलणं ऐकायला येतोय, आणि त्याला तेच बरोबर वाटतंय! त्याच स्टेजवर शार्लोत राआचं परकं वळण असलेलं फिनिश लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, पण स्वतःच्या आईचा हेल मात्र चालत नव्हता.

याच्या विरोधात चळवळ झाली. 1894 मध्ये देशी नटांची स्वतःची स्वीडिश कंपनी उभी राहिली, आउगुस्त आर्प्पे हे तिच्यातलं मोठं नाव, ती गावोगाव प्रयोग करत फिरली, आणि शेवटी 1916 मध्ये मुख्य थिएटर देशी झालं. म्हणजे स्वीडनचे पाहुणे मागे पडले आणि फिनलंडमधल्या स्वीडिश नटांनी आपल्या बोलीत मोठ्या स्टेजवर उभं राहायला सुरुवात केली. तारीख बघा, देश स्वतंत्र झाला 1917 मध्ये, हे त्याच्या एक वर्ष आधी.

मला विचाराल तर "मालकांची कोठी" हा आरोप 1915 पर्यंत खरा होता आणि 1916 नंतर खोटा. आधी हे थिएटर म्हणजे स्टॉकहोमची शाखा होती, वरच्या वर्गाला आपण युरोपच्या केंद्राशी जोडलेलो आहोत असं वाटावं म्हणून चालवलेली. नंतर ते एका लहान समाजाचं थिएटर झालं, ज्या समाजात हेलसिंकीचे वकील आहेत तसे किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि पश्चिमेकडच्या ऑस्ट्रोबॉथनिया प्रांतातले शेतकरीही आहेत. हे लोक विसरतात, स्वीडिश बोलणारा म्हणजे श्रीमंत असं गृहीत धरतात. मालक आपल्या मोठेपणासाठी थिएटर काढतो तेव्हा त्याला बोली नको असते, त्याला प्रतिष्ठा हवी असते. ज्यांना बोली हवी झाली ते मालक राहिलेले नव्हते, त्यांची संख्या घटत होती, राजकारणात त्यांचं वजन उतरलं होतं (1906 च्या सुधारणेने सगळ्या प्रौढांना, बायकांसकट, मत मिळालं आणि जुनी वर्गवार संसद गेली), आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण स्वीडनचे नाही, आपण इथलेच आहोत, वेगळे पण इथलेच.

यातून पुढे काय निघालं ते बघण्यासारखं आहे. 1949 मध्ये याच थिएटरात मुलांसाठी एक नाटक आलं, तूवे यान्सनच्या मुमिनचं, दिग्दर्शन व्हिविका बान्डलरचं. मुमिन म्हणजे यान्सनबाईंच्या मुलांसाठीच्या गोष्टींतले गुबगुबीत काल्पनिक प्राणी. मुमिन तोपर्यंत जगप्रसिद्ध वगैरे नव्हते. पुढे 1955 मध्ये बान्डलरबाईंनी लिल्ला तेआतर्न, म्हणजे छोटं थिएटर, ताब्यात घेतलं आणि तिथे जे काही सुरू केलं त्याने मोठ्या थिएटरलाही घाम फुटला असेल. लहान जागा, नवी नाटकं, व्यंग, मुमिन पुन्हा स्टेजवर, आणि दौरे स्वीडनपर्यंत. त्यांच्यानंतर ते चालवलं लास्से पोइस्ती आणि बिर्गिट्टा उल्फसन या नवरा-बायकोने. हा पोइस्ती लहानपणी फिनिश सिनेमात ओल्ली नावाच्या खोडकर पोराचं काम करून घराघरात पोचलेला, दोन्ही भाषांत सारखाच वावरणारा नट. बान्डलर 1969 मध्ये स्टॉकहोमच्या सिटी थिएटरच्या प्रमुख झाल्या. आणि पोइस्ती 1981 ते 85 द्रामातेनचा प्रमुख होता, द्रामातेन म्हणजे स्वीडनचं राष्ट्रीय नाट्यगृह, 1788 मध्ये राजाने काढलेलं, शुद्ध उच्चारांची गढीच म्हणा. जो हेल 1910 च्या आसपास खुद्द हेलसिंकीत स्टेजवर लाजिरवाणा समजला जायचा, तो हेल असलेला माणूस स्टॉकहोमच्या गढीत खुर्चीवर बसला. आणि तो हेल आज स्वीडनमधल्या पोरांना मुमिनची भाषा म्हणून आवडतो. 1916 झालं नसतं तर हे झालं असतं का? मला नाही वाटत. स्टॉकहोमची नक्कल करणाऱ्या शाखेकडून स्टॉकहोमने काय घेतलं असतं?

म्हणून अनुदानाचं समर्थन करायचं तर ते या मुद्द्यावर. लहान भाषेच्या थिएटरला पैसे द्यायचे ते त्याने मोठ्या केंद्राची नक्कल करू नये म्हणून. बाजारावर सोडलं तर काय होतं ते साधं गणित आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे तीन लाखाच्याही आत, ते पण किनाऱ्याकिनाऱ्याने विखुरलेले, नवं नाटक कितीही चांगलं असलं तरी त्याला प्रेक्षक किती मिळणार? मग सोपा रस्ता म्हणजे स्वीडनहून तयार माल आणायचा. फिनलंडमध्ये 1993 पासून थिएटरांना सरकारी हिस्सा कायद्याने ठरलेल्या पद्धतीने मिळतो, त्यात भाषेचा विचार आहे, शिवाय स्वीडिश संस्थांच्या मागे खाजगी निधी आहेत, 1908 ची स्वेन्स्का कुल्तूरफोन्डेन त्यातली सगळ्यात मोठी. त्यामुळे हेलसिंकीत विरुस किंवा क्लोक्रिके यांच्यासारखी लहान स्वीडिश थिएटरं प्रयोग करू शकतात, चुकू शकतात, आणि नवीन नट तयार होतात. वासा शहरातही स्वतंत्र थिएटर आहे, 1919 पासून.

आता माझी तक्रार पण मांडतो, नाहीतर हे सगळं वकिली वाटेल. मोठ्या थिएटरने अलीकडच्या वर्षांत म्युझिकलवर जो भर दिलाय तो मला खटकतो. 2012 मध्ये नूतनीकरण होऊन इमारत उघडली ती क्रिस्तीना या म्युझिकलने, आब्बा या स्वीडिश पॉप बँडच्या बेनी आणि ब्योर्नचं, स्वीडनमधून अमेरिकेत जाणाऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट. तुफान चाललं, फिनिश बोलणारे प्रेक्षकही भरपूर आले कारण वर पडद्यावर फिनिश भाषांतराच्या ओळी सरकत होत्या. नंतर मम्मा मिया, चेस. त्यात वाईट काय, हॉल भरतो, पैसा येतो, दुसऱ्या भाषेचा माणूस दारातून आत येतो. सगळं खरं. सरकत्या ओळींच्या तर मी एकदम बाजूने आहे, भाषेची भिंत पाडायचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि काही शुद्धतावाद्यांना त्याचा त्रास होतो तर होऊ दे. पण आब्बावाल्यांची म्युझिकलं हा स्टॉकहोमचा मालच झाला की नाही? नट इथले, हेल इथला, मान्य, पण शंभर वर्षांपूर्वी ज्या गोष्टीतून सुटका करून घेतली तीच मागच्या दाराने झगमगाट करून परत येतेय असं वाटतं. म्युझिकलने कमावलेला पैसा इथल्या नव्या लेखकांच्या नाटकांवर ओतला तर ठीक, आणि तसं होतंय की नाही यावर अनुदान देणाऱ्यांनी बारीक लक्ष ठेवायला काय हरकत आहे. "आमची भाषा धोक्यात" म्हणून पैसे घ्यायचे आणि लंडन-स्टॉकहोमला हिट झालेलं लावायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि त्याचं उत्तर स्वीडिश बोलणाऱ्या नेत्यांकडून फारसं ऐकू येत नाही. फिनलंडच्या राज्यघटनेत फिनिश आणि स्वीडिश दोन्ही राष्ट्रभाषा आहेत, एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे आठ टक्के किंवा तीन हजार लोक असले की ती द्विभाषिक ठरते. हेलसिंकी या तीन हजारांच्या अटीवर आरामात बसते. पण 2014 च्या सुमारास देशात बाकीच्या भाषा बोलणारे, म्हणजे रशियन, एस्टोनियन, अरबी, सोमाली वगैरे सगळे मिळून, स्वीडिश बोलणाऱ्यांच्या पुढे गेले, आणि हेलसिंकीत तर कितीतरी पुढे. शिवाय सामी लोक, जे स्वीडिशच काय फिनिशच्याही आधीपासून उत्तरेत आहेत, त्यांचं व्यावसायिक थिएटर आहे ते सीमेपलीकडे नॉर्वेत काउतोकेइनोला. या लोकांकडे शंभर वर्षांचे निधी नाहीत, एस्प्लानाडीच्या टोकाला इमारत तर नाहीच नाही. मग स्वीडिश थिएटरचा हक्क जर "आम्ही 1809 च्या आधीपासून आहोत" यावर उभा असेल, तर तो सामी माणसासमोर हास्यास्पद होतो. आणि जर तो "लहान भाषेला स्वतःच्या आवाजात बोलायला स्टेज लागतं" यावर उभा असेल, तर तो फक्त स्वीडिशपुरता कसा राहील?

इथे मला त्या इमारतीचाच अजून एक धागा दिसतो. 1936 मध्ये थिएटरचा बाहेरचा चेहरा बदलला, बेनुआचा नक्षीदार दर्शनी भाग जाऊन गुळगुळीत पांढऱ्या भिंती आल्या, काम केलं एरो सारिनेन आणि यार्ल एक्लुंड यांनी (हा एरो पुढे अमेरिकेत सेंट लुईसची ती प्रचंड कमान डिझाइन करणारा). आतला जुना घोड्याच्या नालाच्या आकाराचा प्रेक्षागार मात्र ठेवला. तेव्हाही आरडाओरडा झाला असणार, तरी बदलला. म्हणजे ही जागा कधीच गोठलेली नव्हती, लाकडाची दगडी झाली, जळाली, पुन्हा बांधली, तोंड बदललं, हेल बदलला. त्यामुळे मोठ्या हॉलमध्ये म्युझिकल नसेल त्या आठवड्यात सामी कंपनीचा प्रयोग लावला, किंवा हेलसिंकीत वाढलेल्या सोमाली पोरांनी बसवलेलं नाटक वर स्वीडिश-फिनिश ओळी सरकवत दाखवलं, तर इमारतीच्या स्वभावाला ते धरूनच होईल. 1869 मध्ये तिने हेच केलं होतं, तेव्हा परकी भाषा होती फिनिश.

स्वीडिश बोलणाऱ्यांपैकी काहींना यात धोका वाटेल, आधीच आपण पाच टक्के, त्यात स्टेजही वाटून घ्यायचं? मला वाटतं त्यांचं गणित उलटं आहे. एकट्या पाच टक्क्यांचं म्हणून उरलेलं थिएटर बजेटच्या प्रत्येक भांडणात पहिलं दिसतं. शहरातल्या सगळ्या लहान भाषांचं मोठं घर झालेलं थिएटर बंद करा म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही, आणि एखाद्याची रेटलीच तर त्याला उत्तर द्यायला फक्त स्वीडिश बोलणारे नाही, अजून चार-पाच भाषांतले लोक उभे राहतील. नगरपालिकेतही आणि मतपेटीतही.